माळ्यावरचं रंगीत मशीन

आषाढ अर्धा सरला की महाडच्या बाजारपेठेतल्या माणसाचा एक कान कायम भोंग्याकडे असतो. गिऱ्हाइकाशी बोलताना, ताटावर बसल्यावर, देवळात आरती चाललेली असतानासुद्धा. सावित्री नदी चढायला लागली की नगरपालिकेचा भोंगा होतो, आणि मग कुणी कुणाला काही विचारत बसत नाही. शटरं निम्मी खाली येतात, पँटी गुडघ्यावर जातात आणि अख्खी पेठ आपापल्या माळ्यावर चढायला लागते. साखरेची पोती, कापडाचे तागे, चपलांचे खोके, सगळं वर. पाणी ओसरलं की सगळं परत खाली. बाहेरून बदलून आलेले साहेब लोक पहिल्या पावसाळ्यात आम्हाला हसतात आणि दुसऱ्या पावसाळ्याआधी माळा बांधून घेतात.

परवा भोंगा झाला. शेजारचे चंदूभाऊ आपल्या दुकानातली पितळी घंगाळं वर टाकून माझ्याकडे आले. हा माणूस दरवर्षी न बोलावता येतो, आणि मदत करताना तोंडाचा पट्टाही सोडतो. मी खालून कागदाची रिमं देत होते, ते माळ्यावर रचत होते. मध्येच हात थांबवून म्हणाले, "वहिनी, हे धूड अजून किती वर्षं सांभाळणार? निम्मा माळा अडवून बसलंय. भंगारवाल्याला देऊन टाका, तुमचा सगळा कागद मावेल."

त्या धुडावर फुलाफुलांची एक जुनी चादर आहे. चादरीखाली आमचा रंगीत लेझर प्रिंटर आहे.

"बघू," मी म्हटलं.

"दरवर्षी बघूच म्हणता."

खरं आहे त्यांचं. हा 'बघू' माझ्या तोंडात बसला तोच मुळी त्या मशीनच्या पावसाळ्यात. तेव्हा मोबाइल नुकते हातात आले होते, आलेला फोन घेण्याआधी माणसं तो उलटसुलट करून बघायची. आमचं दुकान नवं होतं. टायपिंग, झेरॉक्स, लग्नपत्रिका अशी पाटी, आणि पाटीवर शेवटी मोठ्या अक्षरांत 'रंगीत प्रिंट'. त्या दोन शब्दांसाठी विलास, माझे यजमान, मुंबई सोडून आले होते.

मुंबईत ते एका छापखान्यात होते. लग्न झाल्यापासून मी त्यांना सणासुदीलाच पाहायची. गणपतीत आले की पहिले दोन दिवस ते पाहुण्यासारखे वागायचे, पाणीसुद्धा मागून प्यायचे. जरा सैलावले की जायची वेळ झालेली असायची. त्यांच्या कापडे गावात सगळ्याच घरांची ही तऱ्हा. पोलादपूरच्या पुढे त्या डोंगरांत गेलात तर भातलावणीला वाकलेल्या सगळ्या पाठी बायकांच्या दिसतील. माझ्या सासूबाईंचा जन्म तसाच गेला. सासरे गिरणीत होते, मग थोरले दीर गेले, मग विलास. "माझ्या नशिबात पुरुषमाणूस फकस्त मनिआर्डरीत हाय," असं त्या हसत म्हणायच्या. मला काही हसू यायचं नाही.

छापखान्याच्या मालकांनी नवं मशीन घेतलं तेव्हा हे जुनं विलासनी मागून घेतलं. एका टेंपोत, गोधड्यांत गुंडाळून ते आलं आणि विलास मुंबईपासून त्याला धरून मागे बसून आले. महाडात तेव्हा रंगीत छापायचं म्हणजे पुण्या-मुंबईला पाठवायचं आणि वाट बघायची. आमच्याकडे समोरच्या समोर कागद बाहेर यायचा, गरम, जरासा बाकदार, त्यावर हात फिरवला की रंग किंचित वर आलेला जाणवायचा. माणसं काही काम नसताना बघायला यायची. पहिला कागद विलासनी काढला तो त्यांच्या आईचा. लावणी करतानाचा, हातात रोपांची जुडी धरलेला फोटो. सासूबाईंनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाल्या, "मी येवढी काळी हाय व्हय रे?" विलास इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मशीनला ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मलाही नाही. त्यात चार रंगांच्या भुकटीची चार नळकांडी असायची, शिवाय सांडलेली-उरलेली भुकटी साठायला एक डबा. मशीन हलवायचं तर आधी हे सगळं बाहेर काढायचं आणि ते पाण्याच्या घागरीसारखं सरळ न्यायचं, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

आणि तरीही जे व्हायचं ते झालं. भोंगा झाला. कोपऱ्यावरच्या गटारातून पाणी उलटं येताना दिसलं आणि पेठ ओरडायला लागली. चंदूभाऊ आले, समोरचे चप्पलवाले आले, आणखी कोण कोण आले. माळ्याची शिडी अरुंद. "विलासशेट, आधी मशीन!" कुणीतरी ओरडलं. विलासनी एकदा बाहेर पाहिलं, एकदा मशीनकडे. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जी भीती पाहिली ती मला अजून दिसते. त्यांनीच पुढून हात घातला. "उचला," म्हणाले. नळकांडी आत होती, डबा आत होता. शिडीवर ते सरळ जाईना, तेव्हा त्यांनीच सांगितलं, "आडवं करा." पाच माणसांनी ते अंगावर घेऊन, कुशीवर वळवून, जीव खाऊन वर नेलं. चंदूभाऊंच्या खांद्याचं कातडं सोलवटलं. वर पोचलं तेव्हा सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं.

पाणी आमच्या दुकानाच्या पायरीपर्यंत आलं. एक पायरी चढलं, दुसरीला लागलं आणि तिथूनच परत गेलं. मशीन ज्या टेबलावर होतं त्याच्या पायाला ओलसुद्धा लागली नव्हती.

ही गोष्ट कुणाला सांगावी, कुणावर चिडावं? पाण्यात गेलं असतं तर पंचनामा तरी झाला असता, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हळहळ तरी केली असती. आमचं मशीन आम्ही वाचवून मारलं. पेठेत दरवर्षी सगळे तेच करतात, हाताला लागेल ते उचलून वर टाकतात, आणि तांदळाचं पोतं आडवं नेलं काय, उभं नेलं काय, त्याला काही होत नाही. मशीन हे पोतं नाही, एवढंच त्या घाईत पाचांपैकी कुणाला सुचलं नाही. ज्याला सुचायचं त्यालाही नाही. चंदूभाऊ खांद्याला हळद लावून दुसऱ्या दिवशी विचारायला आले, "वाचलं ना?" विलास म्हणाले, "वाचलं, तुमच्यामुळे." मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला.

पुढचे दिवस आठवले की मला आधी रंग आठवतात. विलासनी मशीन खाली आणून उघडलं आणि आतून भुकटी सांडली. निळी, किरमिजी, पिवळी, काळी, सगळी एकमेकांत मिसळून झालेला एक चिखलासारखा रंग. ते मऊ ब्रशनं झाडायचे, कापसाचे बोळे फिरवायचे, एकेक भाग वर्तमानपत्रावर मांडायचे. बाहेर संततधार, शटर अर्धं खाली, आत बल्बच्या उजेडात ते वाकलेले. भुकटी नखांत बसली, उशीच्या अभ्र्यावर उतरली, भाकरीच्या पापुद्र्यावर बोटांचे निळे ठसे यायला लागले. शिंकले तर रुमाल काळा व्हायचा. कपडे धुतले की मोरीतून रंगीत पाणी वाहायचं आणि मी ते नाहीसं होईपर्यंत उभी राहून बघायची. मला ते पाणी बघताना रडू यायचं.

सगळं परत बसवून ते बटण दाबायचे. मशीन घरघरायचं, थांबायचं, पुन्हा घरघरायचं आणि कागद बाहेर यायचा. त्यावर डाव्या बाजूनं वरपासून खालपर्यंत एक मळकट पट्टा. प्रत्येक कागदावर, त्याच जागी. विलास कागद उजेडाकडे धरायचे. "कालच्यापेक्षा फिकट आहे ना?" ते विचारायचे. मी म्हणायची, "हो, फिकट आहे." तो तसाच असायचा.

उमरठकडच्या एका शाळेच्या गुरुजींनी पंधरा ऑगस्टची प्रमाणपत्रं आमच्याकडे दिली होती, मुलांसाठी, तिरंगी काठाची. पूर येण्याआधीची ऑर्डर. गुरुजी छत्री झटकत आले तेव्हा विलासनी त्यांच्यापुढे एक प्रमाणपत्र ठेवलं. काठातला केशरी विटकरी झालेला, हिरवा शेवाळी, आणि पट्टा नेमका मुलाच्या नावावरून गेलेला. गुरुजींनी चष्मा पुसून ते वाचलं.

"नाव वाचता येतंय," ते म्हणाले. "आमच्या पोरांनी आजवर रंगीत कागदावर आपलं नाव पाहिलेलं नाही हो. द्या असंच."

"नाही गुरुजी. असं देणार नाही."

"मग कधी देता?"

विलासनी प्रमाणपत्र उलटं करून ठेवलं. गुरुजींना ते कळलं. "हाताने लिहितो मी, अक्षर बरं आहे माझं," म्हणाले आणि पावसातच निघून गेले. ऑर्डर काढून घेताना माणूस इतक्या हळुवारपणे वागला याचंच विलासना जास्त लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मग पनवेलहून दुरुस्तीवाले आले. पोटाशी बॅग धरून, वाहतुकीला शिव्या घालत. त्यांनी टॉर्च मारून आत पाहिलं, बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. "बेल्ट गेला. ड्रमवर ओरखडे आहेत. आत आरशावरही भुकटी बसलीय. करता येईल," म्हणाले आणि चहाचा कप तोंडाला लावून पुढे म्हणाले, "पण करू नका. एवढा खर्च करून एक सीझन चालेल, कदाचित चालणारही नाही. म्हातारं मशीन आहे. मी तुमच्या जागी असतो तर नाही केलं."

म्हणजे काय करायचं? ठार नाही म्हणाले असते तर एक वेळ सोपं झालं असतं. 'करता येईल पण करू नका' या वाक्यावर आम्ही नवरा-बायको कितीतरी दिवस जगलो. सकाळी वाटायचं करावं, दुपारी वाटायचं नको. गणपती महिन्यावर आले होते, मंडळांच्या पत्रिका, आरतीची पुस्तकं, सगळी कामं दाराशी येऊन परत जात होती. तेवढ्यात मुंबईहून छापखान्याच्या मालकांचा फोन आला. माणूस कमी पडतोय, येतोस का, गणपतीआधी सांग, नाहीतर दुसरा बघतो. घरात आम्ही बोलायचो ते एवढंच, की मशीन दुरुस्त करायचं का. विलास राहणार की जाणार, असं कुणी तोंडाने म्हटलं नाही. पण प्रश्न तोच होता आणि मला रोज उठल्याबरोबर तो आठवायचा. मी त्यांच्याबरोबर जावं तर तिकडे एका खोलीत सहा पुरुष राहत होते आणि इकडे सासूबाई एकट्या.

सासूबाई एसटीनं आल्या. डोक्यावर इरलं, हातात नाचणीच्या भाकऱ्यांचं गाठोडं. उघड्या मशीनसमोर मांडी घालून बसल्या आणि आजारी माणसाकडे बघावं तसं बघत राहिल्या.

"ह्ये झालं नाय तर तू जाशील?" त्यांनी विलासना विचारलं.

विलास ब्रश पुसत राहिले.

"माझ्याशी बोल रं. जाशील?"

"अजून ठरलं नाही, आई."

"तुझं ठरत नाय तर देवीला इचारू. उद्या चल गावाला. कौल लावू."

एरवी विलास हसले असते. पेठेतला शिकलेला माणूस, कॉम्प्युटर चालवणारा, त्याने मशीनच्या बेल्टबद्दल गावदेवीला विचारायचं! पण ते हसले नाहीत. "चल," म्हणाले. तेव्हा मला कळलं की हा माणूस किती खचलाय.

कापड्याच्या गावदेवीचं देऊळ शेताच्या कडेला आहे. पायवाटेवर घोट्यापर्यंत पाणी, दोन्ही बाजूंना नुकती जीव धरलेली रोपं. गुरवांनी देवीला पाणी घातलं आणि भिजवलेले तांदळाचे दाणे तिच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवले. उजवीकडचा दाणा आधी पडला तर हो, डावीकडचा पडला तर नाही. सासूबाईंनी पदर पसरून गाऱ्हाणं घातलं. "बाय माझे, पोराच्या हातातलं यंत्र मोडलंय. त्ये नीट करू का नको त्ये सांग. यंत्राचं निमित्त हाय, मला काय इचारायचंय त्ये तुला ठावं हाय."

आम्ही दाण्यांकडे बघत उभे राहिलो. बाहेर पाऊस कोसळत होता. गाभाऱ्याच्या भिंती घामेजल्यासारख्या ओल्या, मूर्तीचा दगड ओला, आणि ते दाणे तसेच. मला उजवा दाणा हलल्यासारखा वाटला. मी सासूबाईंचा हात धरला. तो हलला नव्हता. मला स्वतःची लाज वाटत होती आणि तरी मी मनातल्या मनात त्या दाण्याला म्हणत होते, पड रे, पड. विलास भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या नखांत निळा रंग होता.

गुरव शेवटी म्हणाले, "आज देवी बोलत नाय. पावसाळ्यात हवेलाच वल हाय, दाणा सुटत नाय कदी कदी. परत या दोन दिसांनी."

"दोन दिसांनी?" सासूबाई एकदम पेटल्या. देवीपुढेच पाय रोवून म्हणाल्या, "बोल ना गो! माझा धनी म्हमईला गेला तवा न्हाय बोललीस, थोरला गेला तवा न्हाय बोललीस. आता तरी बोल! हो म्हण न्हायतर नको म्हण!" गुरव त्यांना शांत करायला लागले. त्या तिथेच खाली बसल्या आणि मोठ्याने रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं.

परतीच्या एसटीत खिडक्यांतून पाणी आत येत होतं. पोलादपूर सोडल्यावर विलास माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी जातो. दोन वर्षांनी नवं मशीन घेऊनच येतो. हे टाकू नको. तोवर कुठे पार्ट मिळाला तर हेच उभं करू." मी खिडकीची फट पदराने बुजवत बसले. मला त्यांचा हात धरून ओरडायचं होतं की जाऊ नका. गाडीत माणसं होती.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मशीन पुन्हा माळ्यावर चढवलं. या वेळी नळकांडी काढून, डबा काढून, दोरखंड बांधून, अगदी सरळ. जसं पहिल्यांदा न्यायला हवं होतं तसं. वर ठेवून त्यावर आमच्या पलंगावरची चादर घातली आणि चारही बाजूंनी खोचली. मी खाली शिडी धरून उभी होते.

त्यानंतर किती आषाढ आले. दोन वर्षांची मुदत कधी टळली ते आम्ही दोघांनी एकमेकांना दाखवलं नाही. दुकान मी चालवते, काळ्या-पांढऱ्यावर. पाटीवरचे 'रंगीत प्रिंट' हे शब्द पावसाने आपोआप पुसले गेले. विलास गणपतीला येतात आणि पहिले दोन दिवस पाणी मागून पितात. सासूबाईंना आता नीट ऐकू येत नाही, पण मी कापड्याला गेले की विचारायचं ते विचारतातच, "मशीन झालं काय गो?" मी मान डोलावते आणि त्या पुढचं काही विचारत नाहीत.

ज्येष्ठात माझं झेरॉक्स मशीन बिघडलं होतं. दुरुस्तीला आलेल्या माणसाला मी माळ्यावरचंही दाखवलं. त्याने चादर वर केली, नाव वाचलं आणि खाली उतरला. "ताई, हे मॉडेलच बंद झालं. याचे पार्ट आता कुठे येतच नाहीत. मुंबईत नाही, कुठेच नाही." करता येईल, करू नका, असली भानगड नाही. आता सरळ उत्तर. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते उत्तर मिळालं तेव्हा मी त्याला फक्त विचारलं, चहा घेणार का.

परवाचा भोंगा तर सांगितलाच. माळ्यावर जागा नव्हती म्हणून उरलेली रिमं चंदूभाऊंनी रिक्षात घालून दिली. आमचं घर चढावर आहे, तिथे पाणी येत नाही. मी रिमं दारात उतरवत होते तेवढ्यात विलासचा फोन आला. मागे छापखान्याची धडधड.

"पाणी आलं?"

"कोपऱ्यापर्यंत. अजून आत नाही."

"सामान?"

"बरंचसं वर गेलं. चंदूभाऊ होते." मग मी म्हटलं, "ते म्हणत होते, मशीन भंगारात द्या. जागा होईल."

"नको गं देऊ," विलास म्हणाले. "अगं, इथे एक जण भेटलाय, जुन्या पार्टचा धंदा आहे त्याचा. शोधून देतो म्हणालाय. बेल्ट मिळाला की झालं. गणपतीत आलो की उघडतो. चाललं तर मग परत कशाला येऊ इकडे?"

त्यांचा आवाज, पहिल्यांदा मशीन घेऊन टेंपोतून उतरले होते, तेव्हासारखा होता. ज्येष्ठातल्या त्या माणसाचं वाक्य माझ्या जिभेवर आलं. सांगितलं असतं तर एका मिनिटात सगळं संपलं असतं, आणि तेच मला नको होतं.

"बरं," मी म्हटलं.

"चादर आहे ना त्यावर?"

"आहे."

"आडवं नाही ना केलं कुणी?"

"नाही. सरळ आहे."

फोन ठेवला. दाराशी पावसाचे शिंतोडे यायला लागले होते, कागद भिजला असता. घरात कोरडी जागा शोधली. शेवटी ती रिमं मी पलंगावर रचली, विलास झोपतात त्या बाजूला. तिथे सगळी मावली.